अभिरूप न्यायालय : एकाच मुलीने दोन्ही बाजू का मांडायच्या?



आजचा विषय एका प्रश्नातून निघाला आहे. बेंगळुरूच्या हेब्बाळ भागातून एका ताईंनी लिहिलंय. हेब्बाळ म्हणजे शहरातून विमानतळाकडे जाताना लागतो तो उड्डाणपूल आणि त्याच्या शेजारचं तळं. नोकरीनिमित्त गेलेली बरीच मराठी कुटुंबं त्या बाजूला राहतात. या ताईंची मुलगी दहावीत आहे आणि शाळेच्या संघातून राष्ट्रीय पातळीवरच्या अभिरूप न्यायालय स्पर्धेची तयारी करतेय. ताई म्हणतात, "सकाळच्या सरावात ती आरोपी दोषी आहे असं सांगते आणि संध्याकाळी तोच आरोपी निर्दोष आहे असं सांगते. दोन्ही वेळा तितक्याच ठामपणे. घरी आम्ही तिला खोटं बोलू नकोस म्हणून वाढवलं. मग शाळा हे काय शिकवते आहे?"

प्रश्न रास्त आहे आणि त्याला 'अहो, वकिली अशीच असते' असं उडवून लावून चालणार नाही. त्याचं उत्तर स्पर्धेच्या नियमांमध्येच आहे. म्हणून आधी हा प्रकार नेमका काय असतो ते बघू.

आपल्याकडे 'मूट कोर्ट' हा शब्द जास्त ऐकू येतो. लॉ कॉलेजात मूट असतं, बार काउन्सिलच्या नियमांप्रमाणे अभ्यासक्रमातच ते सक्तीचं आहे. पण मूट म्हणजे अपिलाची नक्कल. तिथे घडलं काय हे ठरलेलं असतं, भांडण फक्त कायद्याच्या अर्थाचं. साक्षीदार नाही, उलटतपास नाही. अभिरूप खटल्यात नेमकं उलटं. कायदा साधा असतो, दोन-तीन कलमांचा. वाद असतो तो घडलं काय याचा. कोण खरं बोलतंय, कुणाला किती दिसलं, कुणाच्या सांगण्यावर किती भरवसा ठेवायचा. म्हणूनच हा प्रकार शाळेतल्या मुलांना जमतो. त्यासाठी कायद्याची पदवी लागत नाही. नीट वाचायची आणि नीट ऐकायची सवय लागते.

शालेय पातळीवर हे मोठ्या प्रमाणात रुजलं ते अमेरिकेत. तिथली राष्ट्रीय शालेय स्पर्धा १९८४ साली आयोवा राज्यातल्या डे मॉइन इथे सुरू झाली, पहिल्या वर्षी शेजारपाजारच्या मोजक्या राज्यांचेच संघ होते. आता तिथे राज्याराज्यांतून जिंकून आलेले संघ उतरतात, आणि बाकीच्या देशांतल्या शाळांनी साधारण तोच साचा उचलला आहे. एका फेरीत एका बाजूला तीन वकील आणि तीन साक्षीदार. सुरुवातीच्या निवेदनाला पाच मिनिटं, समारोपाच्या युक्तिवादाला पाच. आपल्या तिन्ही साक्षीदारांच्या सरतपासाला मिळून पंचवीस मिनिटं आणि समोरच्या तिघांच्या उलटतपासाला वीस. घड्याळ कुणासाठी थांबत नाही. फेरी चालू असताना शिक्षकांनी खुणेनेसुद्धा काही सुचवायचं नाही. साक्षीदाराने कागद हातात घेऊन उभं राहायचं नाही.

आणि गुण? प्रत्येक भूमिकेला वेगळे गुण मिळतात. आरोपी सुटला की दोषी ठरला यावर संघाची हारजीत अवलंबून नसते. न्यायाधीश आरोपीला दोषी ठरवू शकतात आणि तरी बचाव पक्षाचा संघ जिंकू शकतो. हे एकदा लक्षात आलं की ताईंच्या प्रश्नातली निम्मी गाठ सुटते, कारण मुलीला सकाळ-संध्याकाळ जे करायला लावतात त्याचं मोजमाप 'पटवलं का' एवढंच नसतं.

उरलेली निम्मी गाठ महत्त्वाची. स्पर्धेच्या आधी काही आठवडे सगळ्या संघांना एकच कागदपत्रांचा संच मिळतो. त्यात दोषारोप असतो, दोन्ही बाजूंच्या साक्षीदारांचे जबाब असतात, एखादा नकाशा, एखादी पावती, एखादा वैद्यकीय दाखला आणि पुराव्याचे थोडके नियम. बस. त्या कागदांच्या बाहेर जग नाही. साक्षीदार झालेल्या मुलाने स्वतःच्या मनाने महत्त्वाची नवी गोष्ट घुसडली की तो नियमभंग ठरतो. समोरचा वकील तिथेच त्याला जबाब दाखवतो आणि विचारतो, हे यात कुठे आहे?

म्हणजे बघा, खोटं बोलणं हाच या खेळातला सगळ्यात मोठा फाऊल आहे.

उदाहरण घेऊ. हे मी रचलेलं आहे, कुणी आपल्या सोसायटीवर घेऊ नका. एका वसाहतीत गणेशोत्सवाच्या वर्गणीची पेटी नाहीशी होते, आत बेचाळीस हजार रुपये. आरोपी आहे रोहन, एकोणीस वर्षांचा स्वयंसेवक. सरकार पक्षाची मुख्य साक्षीदार आहे दुसऱ्या मजल्यावरच्या काकू. त्यांच्या जबाबात लिहिलंय : रात्री पावणेदहाला मी गॅलरीत उभी होते, पिवळा शर्ट घातलेला रोहन पेटी घेऊन जिन्याकडे जाताना मला पाठमोरा दिसला. त्या वेळी वीज गेलेली होती. दुसऱ्या एका साक्षीदाराच्या जबाबात ओझरतं आलंय की त्या दिवशी सगळ्याच स्वयंसेवकांना पिवळे शर्ट वाटले होते.

सरकार पक्षाचा वकील काकूंचा सरतपास घेतो. इथे त्याला सूचक प्रश्न विचारता येत नाहीत. 'तुम्हाला रोहन दिसला ना?' असं उत्तर तोंडात घालणारं विचारलं की समोरून हरकत. 'तुम्ही कुठे होतात? काय दिसलं?' असं विचारावं लागतं. गोष्ट साक्षीदाराने सांगायची, वकिलाने नाही. उलटतपासात मात्र सूचक प्रश्नच विचारायचे, कायदाच तशी मुभा देतो. बचावाची मुलगी उठते.

"वीज गेली होती?" "हो." "गॅलरीतून जिना साधारण तीस फुटांवर?" "असेल तेवढा." "मुलगा पाठमोरा होता?" "हो." "शर्ट पिवळा?" "हो." "सगळ्या स्वयंसेवकांचे शर्ट पिवळे होते?" "हो."

इथे तिने बसायला हवं. एवढ्यावर तिचं काम झालंय. पण दहापैकी आठ मुलं इथे बसत नाहीत. आपण जिंकलो हे त्यांना काकूंच्या तोंडून ऐकायचं असतं. मग ती विचारते, "मग तो रोहनच होता असं तुम्ही कशावरून म्हणता?" आणि काकू सांगतात, "अगं, पाच वर्षांचा असल्यापासून बघतेय मी त्याला. लहानपणी पाय मोडला होता त्याचा, तेव्हापासून चाल तशीच आहे. अंधारातसुद्धा ओळखेन." ही चाल जबाबाच्या तिसऱ्या पानावर लिहिलेली होती. सरकार पक्ष सरतपासात ती विचारायला विसरला होता. बचावाने आठवण करून दिली.

'का' आणि 'कशावरून' हे शब्द उलटतपासात जपून वापरायचे, हे मोठे वकीलही पुन्हा पुन्हा सांगतात. मुलांना ते एका फेरीत कळतं आणि नंतर आयुष्यभर लक्षात राहतं.

आता समजा काकूंनी जबाबात नसलेलं काही सांगितलं. महाराष्ट्रातल्या कोर्टात बसलेल्या कुणालाही पुढचं वाक्य पाठ असेल. वकील विचारतो, पोलिसांसमोरच्या जबाबात हे का लिहिलेलं नाही? आणि साक्षीदाराचं उत्तर कागदावर उतरतं : 'माझ्या जबाबात तसे लिहिले नसेल तर त्याचे कारण मी सांगू शकत नाही.' आपल्या कोर्टांत साक्ष अशी प्रथमपुरुषी निवेदनासारखी लिहिली जाते, प्रश्न गाळून. शेवटी बचावाचा वकील आपली बाजू साक्षीदाराच्या पुढ्यात ठेवतो आणि साक्षीत वाक्य पडतं, 'हे म्हणणे खरे नाही की, मी खोटी साक्ष देत आहे.' पहिल्यांदा वाचताना गंमत वाटते. पण त्यामागे न्याय आहे : साक्षीदाराला खोटारडा म्हणायचं असेल तर त्याच्या तोंडावर म्हणा, त्याला नाकारायची संधी द्या. तो निघून गेल्यावर पाठीमागे युक्तिवादात म्हणू नका.

याच खटल्यात आणखी एक कागद घालू. हवालदार सांगतो, 'रोहनने माझ्यापाशी कबूल केलं की पेटी मीच घेतली.' मुलांना वाटतं, संपला खटला. मग कळतं की पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबित करता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात ते कलम २५ होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम २३ मध्ये आहे. मुलं चिडतात. गुन्हेगाराने कबूल केलं तरी ऐकायचं नाही? त्यांना तिथेच विचारायचं, कोठडीत तू असतास तर किती वेळ नाही म्हणत राहिला असतास? वर्ग गप्प होतो. हाच मुलगा मंडळाच्या खजिनदारापाशी काही बोलला असेल, तर ते ऐकता येतं. पण त्यावर कितपत विसंबायचं हा वेगळा प्रश्न. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात हे चार ओळींत येतं आणि परीक्षेनंतर जातं.

पुराव्याचा विषय निघालाच आहे तर हेब्बाळमधलाच एक साक्षीदार बोलावतो. २०१८ साली तिथे खोदकाम चालू असताना एक वीरगळ सापडला. साधारण इसवी सन ७५० चा, गंग राजा श्रीपुरुषाच्या काळातला, कन्नड लेख असलेला. बेंगळुरू परिसरातल्या सगळ्यात जुन्या कन्नड शिलालेखांत त्याची गणना होते. लढाईत मरण आलेल्या कित्तय्या नावाच्या वीराचा तो दगड, आणि त्यात या भागाचं जुनं नाव आहे, पेर्बोळल. त्याचंच पुढे हेब्बाळ झालं. आता कोर्टाच्या भाषेत हा दगड म्हणजे काय? दस्तऐवज! थट्टा नाही. पुरावा कायद्यात दस्तऐवजाची व्याख्या देताना जी उदाहरणं आहेत त्यांत धातूच्या पत्र्यावरचा किंवा दगडावरचा लेख हे एक आहे, १८७२ च्या कायद्यात होतं आणि नव्या कायद्यातही ठेवलंय.

मग मुलांपुढे प्रश्न ठेवायचा. या दगडाने काय शाबित होतं? इथे पेर्बोळल नावाची वस्ती होती, हे म्हणता येईल. कित्तय्या शूर होता, हे? ते तर त्याच्या माणसांनी कोरलंय आणि कोरणाऱ्याचा उलटतपास घ्यायला आपण जरा उशिरा आलो. तीस वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून आला असेल तर तो अस्सल आहे असं कोर्ट गृहीत धरू शकतं, असाही नियम आहे. मातीखालून निघालेला दगड योग्य ताब्यातून आला का? यावर नववीची मुलं अर्धा तास भांडतात. हेब्बाळच्या ताईंना माझं सांगणं, सुट्टीत मुलीला तो दगड दाखवून आणा. घराजवळच बाराशे वर्षांचा मुद्देमाल आहे.

आता ताईंच्या प्रश्नाकडे परत. नियम नसलेलं अभिरूप न्यायालय कसं असतं, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. 'अभिरूप न्यायालय' हा शब्दच आपल्यापैकी बहुतेकांनी पहिल्यांदा विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये ऐकला. १९६७ साली अरविंद देशपांड्यांच्या दिग्दर्शनाखाली ते रंगमंचावर आलं, सुलभा देशपांडे लीला बेणारे झाल्या होत्या. एका गावात प्रयोगाला आलेली मंडळी वेळ घालवायला गंमत म्हणून खटला उभा करतात, शिक्षिका असलेल्या बेणारेबाईंना आरोपी करतात आणि आरोप ठेवतात भ्रूणहत्येचा. तिथून खेळाचं शिकारीत रूपांतर होतं.

नाटकाबद्दल खूप लिहिलं गेलंय, मी त्यात पडत नाही. पण अभिरूप खटल्याचे नियम हातात धरून ते एकदा वाचा. सुखात्मे सरकारी वकीलही तेच आणि बचावाचे वकीलही तेच, नुसती बसायची जागा बदलतात. न्यायाधीश काशीकर मध्येच उठून स्वतः साक्ष देतात आणि पुन्हा निवाड्याला बसतात. गावातला सामंत बिचारा हातातल्या कादंबरीत वाचलेलं साक्ष म्हणून सांगतो आणि ते सगळे पुरावा म्हणून घेतात. एकाने दुसऱ्याकडून ऐकलेलं, तिसऱ्याने तर्क केलेलं, सगळं चालतं. हरकत घ्यायला कुणी नाही. आणि जिच्या आयुष्याचा प्रश्न आहे तिला बोलायला वेळ किती? दहा सेकंद.

ताईंच्या मुलीला जे शिकवलं जातंय ते याच्या बरोबर उलट आहे. तिथे बचावाला पाच मिनिटं आहेत तर सरकार पक्षालाही पाचच. ऐकीव गोष्ट आली की उभं राहून हरकत घ्यायची आहे. ज्याचं मत ठरलेलं आहे त्याने न्यायाधीशाच्या खुर्चीत बसायचं नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे सकाळी ज्याला दोषी म्हणालीस त्याच्या बाजूने संध्याकाळी उभं राहायचं आहे. तेंडुलकरांच्या पात्रांपैकी एकालाही हे एकदासुद्धा करावं लागत नाही. एकदा जरी बेणारेची बाजू मनापासून मांडायची वेळ आली असती, तर निदान त्यांच्यातल्या एखाद्याचा आवाज खाली आला असता असं मला वाटतं.

दोन्ही बाजू मांडणारी मुलगी 'तो निर्दोष आहे हे मला माहीत आहे' असं म्हणत नाही. चांगले प्रशिक्षक तसं म्हणूही देत नाहीत. ती म्हणते, 'या पुराव्यावरून तो दोषी आहे हे निःसंशय शाबित होत नाही.' ही दोन वाक्यं वेगळी आहेत. पहिलं खोटं असू शकतं. दुसरं कागदावर तपासून बघता येतं. आरोप शाबित करायचं ओझं सरकार पक्षावर का, संशयाचा फायदा आरोपीला का, हे तिला त्या दुसऱ्या वाक्यातूनच कळतं.

एक काळजी मात्र मला खरी वाटते आणि ती ताईंनी विचारलेल्या काळजीपेक्षा वेगळी आहे. आपली मुलं अमेरिकन स्पर्धांचे व्हिडिओ बघून तयारी करतात. तिथला सगळा थाट ज्यूरीसाठी असतो. कोर्टभर फिरत बोलणं, ज्यूरीच्या डोळ्यांत बघणं, शेवटी आवाज भरून येणं. आपल्याकडे ज्यूरी नाही. नानावटी खटल्यात १९५९ साली मुंबईत ज्यूरीने आठ विरुद्ध एक असा निर्दोष निवाडा दिला, हायकोर्टाने तो फिरवला आणि १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने शिक्षा कायम केली. ज्यूरी जाण्याची कारणं त्याही आधीची होती, पण १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनंतर आपल्या फौजदारी कोर्टात ती उरली नाही. इथे समोर एक न्यायाधीश बसलेले असतात, त्यांच्या टेबलावर उरलेल्या खटल्यांचा ढीग असतो, आणि त्यांना गहिवर नको असतो. पान क्रमांक हवा असतो. हातोडाही नसतो बरं का. भारतीय न्यायाधीश हातोडा वापरत नाहीत. गीतेवर हात ठेवून शपथही नसते, ती सिनेमात. १९६९ च्या शपथ कायद्याप्रमाणे ईश्वराला स्मरून शपथ घ्यायची किंवा ईश्वराचं नाव न घेता गांभीर्यपूर्वक कथन करायचं.

ज्यूरीपुढे काय होऊ शकतं याचा आपला स्वतःचा दाखला आहे. जुलै १९०८, मुंबई हायकोर्ट, न्यायमूर्ती दावर. लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला, 'केसरी'तल्या लेखांवरून. नऊजणांची ज्यूरी, सात युरोपियन आणि दोन पारशी. लेख मराठी, पण ज्यूरीपुढे होते त्यांचे इंग्रजी तरजुमे. टिळकांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली, एकवीस तासांहून अधिक बोलले, पण त्याआधी त्यांनी सरकारी भाषांतरकाराचा उलटतपास घेतला. या मराठी शब्दाला हा इंग्रजी शब्द कसा? यापेक्षा सौम्य शब्द होता की नव्हता? निकाल सात विरुद्ध दोन, सहा वर्षं काळं पाणी. त्या खटल्यातलं टिळकांचं भाषण आपण शाळेत ऐकतो. मला विचाराल तर मुलांनी भाषणाआधी तो उलटतपास वाचावा. शब्द हाच मुद्देमाल असतो तेव्हा तो कसा हाताळायचा, याचा तो धडा आहे.

आणि भाषेचा हा प्रश्न आजही संपलेला नाही. महाराष्ट्रात १९९८ पासून जिल्हा आणि तालुका पातळीवरच्या कोर्टांची भाषा मराठी आहे, कर्नाटकात खालच्या कोर्टात कन्नड चालते. पण शालेय स्पर्धा बहुतेक इंग्रजीत आणि त्यामुळे बहुतेक महागड्या शाळांच्या. हे मला खटकतं. कारण अभिरूप खटल्याला लागतं काय? दहा-बारा पानांचा संच, दोन टेबलं, तीन खुर्च्या आणि घड्याळ. पोशाखसुद्धा लागत नाही. निपाणीच्या किंवा चंदगडच्या मराठी शाळेत हे उद्या करता येईल. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज केला तर एखादे वकील किंवा न्यायाधीश शाळेत येतात, शाळांमधून विधी साक्षरता मंडळं चालवणं हा त्यांच्या कामाचाच भाग आहे. त्यांना भाषण करायला लावू नका. न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवा आणि मुलांचा खटला ऐकायला सांगा.

संच शिक्षकांनी स्वतः लिहावा, पण दोन गोष्टी सांभाळून. गावात खरोखर घडलेलं, अजून कोर्टात असलेलं प्रकरण नाव बदलूनही घेऊ नका. नाव बदललं तरी गाव ओळखतं. आणि ज्यात लहान मूल पीडित किंवा आरोपी आहे अशा खऱ्या घटनेजवळ जाऊच नका. बालन्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. वर्गणीची पेटी, चोरलेली सायकल, परीक्षेतली कॉपी, शेताच्या बांधावरून झालेली ढकलाढकली, यांत पुरेसं नाट्य आहे. दोन्ही बाजूंना जिंकता येईल असा संच लिहिणं मात्र सोपं नाही. एका बाजूचा जबाब लिहून झाला की दुसऱ्या बाजूला एक भक्कम गोष्ट द्यायची, मग पहिल्या बाजूला तिच्यावरचा उतारा. काकूंना अंधार दिलात तर चालही द्या.

भूमिका वाटताना सगळ्या हुशार मुलांना वकील करायचा मोह होतो. तो आवरा. साक्षीदार होणं जास्त अवघड आहे. वकिलाला पुढचा प्रश्न माहीत असतो, साक्षीदाराला नसतो. जबाबातला प्रत्येक तपशील डोक्यात ठेवून, समोरचा चिडवत असताना, 'हो' म्हणायचं तिथे 'हो' म्हणायचं. स्वतःच्या बाजूला नुकसान होत असलं तरी म्हणायचं, कारण कागदावर तसं आहे. ताई, मुलगी आरोपीच्या वकिलाऐवजी एखाद्या फेरीत साक्षीदार झाली तर जरूर बघायला जा.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. स्पर्धेच्या आधी मुलांना एकदा खऱ्या कोर्टात बसवून आणावं. फौजदारी खटला खुल्या न्यायालयात चालतो, सामान्य माणसाला जागेच्या सोयीने आत बसता येतं. काही खटल्यांत न्यायाधीश दरवाजे बंद करू शकतात, तेवढं सोडून. कोर्टातल्या कर्मचाऱ्याला आधी विचारावं, फोन बंद ठेवावा, मागच्या बाकावर बसावं. ज्यांना जाणं जमत नाही त्यांनी कर्नाटक उच्च न्यायालयाचं यूट्यूबवरचं थेट प्रक्षेपण बघावं, पण तिथे मुख्यतः युक्तिवाद असतात. साक्षीदार बघायचा तर सत्र न्यायालयातच जायला हवं. मुलांना आधीच सांगून ठेवा की तिथे कुणी ओरडून 'ऑब्जेक्शन' म्हणणार नाही. एक वकील हळू आवाजात प्रश्न विचारेल, साक्षीदार त्याहून हळू उत्तर देईल, न्यायाधीश टंकलेखकाला एकेक वाक्य सांगतील, आणि तासाभराने साक्ष अर्धी झालेली असताना पुढची तारीख पडेल. मुलांना वहीत एवढंच टिपायला सांगा : प्रश्न कोणता होता, आणि कागदावर काय उतरलं.